नऊ बोटं रजेवर

गेलेल्या माणसाचं अंग पुसायला पाणी कोमट कशाला लागतं?

हा प्रश्न मी कामाच्या पहिल्याच दिवशी ताईला विचारला होता. तिनं उत्तर दिलं नाही. मग वॉर्डातल्या आयाबाई शकुंतला मावशींना विचारला. त्या म्हणाल्या, "ताईला विचार." इनचार्ज सिस्टरना विचारला. त्या म्हणाल्या, "तीन नंबरचं सलाइन संपलंय, ते आधी बघ." एका डॉक्टरांनाही विचारला, तर त्यांनी वाजत नसलेला फोन कानाला लावला. चार वर्षं झाली. कुणी सांगितलं नाही, आणि ज्या एका माणसाला नक्की माहीत होतं ते आता सांगायला नाही.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात चौदा वर्षं सिस्टर होती. मी सागर, त्याच वॉर्डात वॉर्डबॉय. माझी शाळा नववीत सुटली. सुटली म्हणजे गणिताच्या सरांशी भांडून एका दुपारी मी दप्तर उचललं आणि घरी आलो. नंतर सात-आठ कामं धरली आणि सोडली. शेवटी ताईनंच मला इथं लावलं. म्हणाली, "इथं भांडशील कुणाशी? निम्मे झोपलेले असतात."

ताईला जाऊन आज बावीस दिवस झाले. तेराव्याला वॉर्डातली माणसं आमच्या वारज्याच्या घरी आली. पाच मिनिटं सगळी गप्प बसली. मग शकुंतला मावशींनी एक किस्सा काढला. त्यावरून दुसरा निघाला. शेवटी शेजारच्या काकू दारात येऊन बघून गेल्या, की तेराव्याला हसतंय कोण.

असे किस्से साठतातच. बरे होऊन गेलेले पेशंट आमच्याकडे मोबाइलचे चार्जर विसरून जातात. बरे न होता गेलेले किस्से ठेवून जातात. चार्जरना निदान एक ड्रॉवर पुरतो.

एक किस्सा मात्र त्या दिवशी कुणी काढला नाही. चौदा वर्षं ताईनं परक्या माणसांचं शेवटचं जसं केलं, तसं तिचं झालं की नाही, एवढाच तो आहे. तो शेवटी सांगतो.

*

पहिला माझ्यावरचाच.

पुण्यात पेशंट वॉर्डबॉयला मामा म्हणतात. बाविसाव्या वर्षी मी सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांचा मामा झालो. पहिल्याच दिवशी, दुपारी, कात्रजचे एक काका गेले. शाळेत शिक्षक होते. ताई म्हणाली, "पाणी आण."

मी नळाखाली बादली भरून आणली. ताईनं बाही सरकवली आणि कोपर पाण्यात बुडवलं, लहान मुलाला न्हाऊ घालताना बायका बघतात तसं.

"बदल."

"ताई, त्यांना आता काय कळतंय? कोमट कशाला?"

"गीझर डावीकडं आहे."

हे तिचं उत्तर.

ताईचा एक नियम होता. बाईमाणसाचं बाईनं करायचं, पुरुषाचं पुरुषानं. पडदा ओढला की बाकीच्यांनी बाहेर, मग डॉक्टर असोत नाहीतर साक्षात मुलगा असो. त्यामुळे मी पडद्याच्या आत एकटा, आणि ताई बाहेर उभी राहून सांगतेय. "आधी चेहरा. मग मान. कानामागं विसरू नको. आणि तोंडानं सांगत जा. काय करणार ते आधी त्यांना सांगायचं, मग करायचं."

मी सांगायला लागलो. काका, चेहरा पुसतोय. काका, हात उचलतोय. काका, आता डावा. मग पाठ पुसायची वेळ आली. काका अंगानं चांगले होते. मी खांद्याला धरलं आणि म्हणालो,

"काका, कूस वळवतोय. दुखलं तर सांगा हं."

माझं मलाच कळलं आणि मी तसाच खांदा धरून उभा राहिलो. मग पडद्याबाहेर कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं शकुंतला मावशी. नंतर कळलं, काकांचा मुलगा. सकाळपासून भिंतीकडं तोंड करून बसला होता.

ताई म्हणाली, "बरोबर बोलला. पुढं चालू ठेव."

पुढं सहा महिने कँटीनचा पोरगासुद्धा मला चहा देताना म्हणायचा, "मामा, गरम लागला तर सांगा हं."

*

वॉर्डात बॉडी हा शब्द ताईला चालत नसे. "नाव आहे ना त्यांना? मग नावानं बोल." त्यामुळे आमच्याकडे बॉडी खाली जात नसे, देशपांडे काका निघत.

तर एकदा देशपांडे काका खरंच निघाले. शेजारच्या बेडवर गोखले काका होते, नारायण पेठेतले, बँकेतून रिटायर झालेले. नुकतेच एक्स-रे काढून परत आले होते. येऊन बघतात तर शेजारी पडदा ओढलेला.

"काय चाललंय?"

"देशपांडे काका निघाले," मी म्हणालो.

"निघाले? मला न सांगता?" गोखले काका उठून बसले. "आणि डिस्चार्ज इतक्या पटकन होतो होय इथं? माझे कागद चार दिवस फिरतायत. बहुधा पायी फिरत असावेत."

मी हातातली बादली खाली ठेवली.

"माझा पेपर त्यांच्याकडं आहे. कोडं अर्धं राहिलंय. आडवे तेरा त्यांना येत होतं, मुद्दाम सांगत नव्हते. जा, घेऊन या."

मला फिरवून बोलता येत नाही. म्हणालो, "काका, ते वारले."

ताईनं माझ्याकडं असं बघितलं की मी बादली उचलून उगाच इकडची तिकडं ठेवली. गोखले काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

"पेपर उशाशी असेल त्यांच्या," ते म्हणाले. "राहू दे."

थोड्या वेळानं म्हणाले, "पेनही माझंच आहे. तेही राहू दे."

दुसऱ्या दिवशी सुनेनं नवं पेन आणून दिलं, तर म्हणाले, "हे लिहीत नाही." मी लिहून बघितलं. छान लिहीत होतं.

*

ताईचा आणखी एक नियम म्हणजे, माणूस आलं तसं परत द्यायचं. कवळी घातलेली आली तर कवळी घालून. कुंकू लावून आली तर कुंकू लावून, टिकली होती तर टिकली. आणि भांग. भांग कुठून पाडत होते ते बघायला ती फाइलमधलं आधार कार्ड काढायची. घरचे आत आले की त्यांना आपलं माणूस दिसलं पाहिजे, हॉस्पिटलचं नाही, असं तिचं म्हणणं.

एका पेशंटच्या आधार कार्डाची झेरॉक्स इतकी काळी होती की त्यात माणूस आहे की कोळसा हे कळत नव्हतं. मी शहाणपणा केला. बाहेर पुतण्या बसला होता, त्याच्या मोबाइलवर काकांचा फोटो बघितला. सिंहगडावरचा, काका हसतायत, भांग उजवीकडून. मी आत जाऊन पाणी लावून उजवीकडून झकास भांग पाडला.

त्यांच्या मिसेस आल्या. पायाशी उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या,

"हे आमचे नाहीत."

ताईनं लगेच मनगटावरची पट्टी बघितली, पायाची चिठ्ठी बघितली. नाव बरोबर, नंबर बरोबर.

"म्हणजे आमचेच आहेत," त्या म्हणाल्या, "पण काहीतरी दुसरंच वाटतंय." मग एक पाऊल पुढं आल्या. "भांग. भांग डावीकडून असतो यांचा."

ताईनं मोबाइल मागवला. फोटो बघितला, मग मला बघितलं. "काकांनी स्वतःच काढलेला आहे का रे हा? सेल्फी?"

होता. सेल्फीत डाव्याचं उजवं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ताईनं कंगवा मिसेसच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, पण लावला नाही. लांबून बघितलं, मान वाकडी करून बघितलं.

"लग्न झाल्यापासून मी सांगत होते, एकदा उजवीकडून पाडून बघा, चांगलं दिसेल. एकदासुद्धा ऐकलं नाही." आणि ताईला म्हणाल्या, "पण दिसतंय की नाही हो चांगलं?"

"दिसतंय," ताई म्हणाली. "राहू द्यायचा असाच?"

त्यांनी विचार केला.

"नको. रागावतील," म्हणाल्या आणि डावीकडून भांग पाडला.

*

एक आजी होत्या. कानाचं मशीन लावायच्या. त्यांच्या वेळी अर्थात मी पडद्याबाहेर. मी पाणी द्यायचं, कापूस द्यायचा, हात आत घालायचा पण मान नाही. आतून शकुंतला मावशी म्हणाल्या, "ताई, मशीन पिशवीत घालू का? घरच्यांना देऊन टाकू."

"कानात घाला," ताईचा आवाज आला. "आणि चालू करा."

"चालू?"

"माणसं अजून बोलायची आहेत त्यांच्याशी."

घालून झालं. पडदा उघडला, घरचे आत आले. मुलगी बोलली, नातू बोलला. सगळ्यात शेवटी जावई. सासू-जावयाचं कधी पटलं नव्हतं हे पाच दिवसांत वॉर्डातल्या स्टुलांनासुद्धा माहीत झालं होतं. आजी त्यांना घालूनपाडून बोलायच्या आणि ते कानाच्या मशीनकडं बघत हळू आवाजात उत्तर द्यायचे. ते खाली वाकले आणि नमस्कार करून आजींच्या गालाजवळ हात नेला.

हात कानाजवळ गेला आणि मशीननं कुईईई करून शिट्टी मारली.

जावई दोन हात मागं उडाले ते माझ्या पायावर.

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. त्यांनी शर्ट सारखा केला, आजींकडं बघितलं आणि खिशातून रुमाल काढत म्हणाले,

"आलं लक्षात. लांबूनच करतो."

पाच दिवसांत तो माणूस रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

*

आमच्या इनचार्ज सिस्टर, जोगळेकर बाई, मनानं वाईट नाहीत, पण त्यांचा सगळा जीव बेडमध्ये. त्यांनाही दुसरं काय करता येणार? खालून कॅज्युअल्टीतून सारखा फोन, बेड रिकामा झाला का, बेड रिकामा झाला का. पेशंट गेला की फोन वाजणारच. ताई तो फोन घेऊन म्हणायची, "बेडवर माणूस आहे," आणि ठेवून द्यायची. यावरून दोघींचं दर महिन्याला एकदा वाजायचं.

असाच एकदा फोन वाजत होता, आणि आत आम्ही आवरून ठेवलेल्या एका काकांजवळ त्यांचा कुणी लांबचा नातेवाईक आला. आला आणि मोबाइल काढून काकांच्या तोंडावर धरला. मला वाटलं एखादा फोटो घेईल. हा वाकून, दोन बोटांनी मोठं करून व्हिडिओ काढायला लागला. काकांच्या मिसेस म्हणाल्या, "नका हो." तो म्हणाला, "ग्रुपवर टाकायचाय, सगळ्यांना यायला जमत नाही."

मी मोबाइल हिसकावला. नुसता हिसकावला नाही, ओरडलोही. काय ओरडलो ते इथं लिहिता येणार नाही.

तक्रार झाली. ताईनं मला लिनन रूममध्ये नेलं. मला वाटलं पाठीवर हात ठेवेल.

"काकांच्या डोक्याशी उभा राहून ओरडलास?"

"अगं, पण तो बघ ना काय..."

"मोबाइल घेतलास ते ठीक. आवाज कशाला चढवलास? ते झोपलेत असं समजून वागायचं, हे तुला किती वेळा सांगायचं?" मग दारापर्यंत जाऊन परत फिरली. "आणि ती शिवी कुठं शिकलास?"

मला लेखी खुलासा मागितला. मी ताईला म्हणालो, तू लिहून दे. म्हणाली, तुझा तू लिही. नववीनंतर पहिल्यांदा मी कागदावर वाक्य लिहिलं. दोनच लिहिली. "मोबाइल हिसकावला. पुढच्या वेळी हळू आवाजात हिसकावीन."

जोगळेकर बाईंनी ते दोनदा वाचलं, सही केली आणि म्हणाल्या, "हा कागद वर पाठवला तर तुझी नोकरी जाईल." आणि कागद त्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकला. चार्जरच्या ड्रॉवरमध्ये.

*

वॉर्डात सगळेच तिला ताई म्हणायचे. म्हातारे म्हणायचे, डॉक्टर म्हणायचे, कँटीनचा पोरगाही म्हणायचा. मला राग यायचा. एकदा म्हणालो, "सगळ्यांचीच ताई, तर मग मी काय म्हणायचं?"

"सिस्टर म्हण. ड्युटीवर आहेस."

सिस्टर लोकांना नेलपॉलिश चालत नाही. नखं कापलेली, साधी. पण ताईच्या खिशात नेलपॉलिश काढायच्या औषधाची बाटली कायम असायची, कारण ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटाला लावतात आणि नखाला रंग असला की आकडा चुकतो. नवीन लग्न झालेल्या मुली घाबरून हात मागं घ्यायच्या. ताई म्हणायची, "एकच बोट द्या. बाकीची नऊ तुमची."

यंदा आमच्या मावसभावाचं लग्न होतं. ताईनं आठ दिवसांची रजा टाकली. चौदा वर्षांत इतकी लांब रजा पहिलीच. रजेच्या पहिल्या दिवशी सकाळी मी उठून बघतो तर ही खिडकीत बसून दहाही बोटांना नेलपॉलिश लावतेय. मरून, वाळलेल्या कोकमासारखं. हात पुढं पसरून मला म्हणाली, "पाणी दे रे. मला धरता येत नाही." पेलासुद्धा मीच तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी ताप आला. चौथ्या दिवशी लग्नाला जायच्या ऐवजी आम्ही आमच्याच वॉर्डात आलो. न्यूमोनिया. खिडकीजवळचा बेड मिळाला, तो जोगळेकर बाईंनी कसा रिकामा केला ते त्यांनाच माहीत.

चिमटा लावायला पूजा सिस्टर आली. नवीन मुलगी, ताईनंच शिकवून तयार केलेली.

"ताई, एक बोट द्या ना."

ताईनं दोन्ही हात पुढं केले आणि मास्कमधून म्हणाली, "बघ. कुठलं घेतेस? सगळा माल नवीन आहे."

पूजानं डाव्या हाताचं मधलं बोट घेतलं. कापसानं पुसलं, चिमटा लावला. ताईनं पुसलेलं बोट वर धरून बघितलं, मग बाकीची बघितली, आणि मला म्हणाली,

"नऊ रजेवर. एक ड्युटीवर."

पुढचे अकरा दिवस जो भेटायला येईल त्याला ती हे सांगायची. बोलवेनासं झालं तेव्हा नुसती बोटं दाखवायची. जोगळेकर बाई एकदा म्हणाल्या, "एक तरी कशाला ठेवलीस? दहाही पाठव रजेवर, मी सही करते. आधी बरी हो." ताईनं मान हलवली. रजेच्या अर्जावर सही करायला जोगळेकर बाई किती दिवस लावतात, ते तिला चांगलं माहीत होतं.

*

अकराव्या दिवशी सकाळी साडेदहाला ताई गेली.

शकुंतला मावशींनी बादली आणली, पडदा ओढला आणि मला म्हणाल्या, "सागर, बाहेर."

"माझी बहीण आहे."

"बाहेर हो."

"मावशी, मी चार वर्षं हेच करतोय. मला सगळं येतं. तुमच्यापेक्षा चांगलं येतं."

"येतं रे. पण नियम कुणाचा आहे?"

मी लॉकरला लाथ मारली. पाण्याची बाटली खाली पडून लांब गेली. मावशी नुसत्या ताईकडं बघत उभ्या राहिल्या. मी बाटली उचलली, जागेवर ठेवली आणि बाहेर आलो. ताई ज्या ठिकाणी उभी राहायची तिथंच उभा राहिलो. दुसरीकडं जागाही नव्हती.

"मावशी, पाणी कोपरानं बघितलं का?"

"बघितलं."

"कधी?"

पडद्याखालून बादली बाहेर आली. मी बाही सरकवली.

"गार आहे."

"अरे, आत्ताच तर..."

"गार आहे, मावशी."

मी गीझरचे दोन तांबे घातले. परत कोपर बुडवून बघितलं आणि बादली आत सरकवली.

मग मावशींचा आवाज यायला लागला. ताई, चेहरा पुसतेय. ताई, हात उचलतेय. मी बाहेरून सांगत होतो. कानामागं. डाव्या कानातल्याची फिरकी सैल आहे, सांभाळा. भांग मधोमध, आधार कार्ड बघू नका, त्यावरचा फोटो जुना आहे. मावशी प्रत्येकाला हं म्हणत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, कूस वळवतेय. दुखलं तर सांगा."

पूजा सिस्टर माझ्या शेजारी उभी होती. ती तोंडाला रुमाल लावून बाथरूमकडं गेली.

पाठ झाली. पाय झाले. मावशी म्हणाल्या, "हात परत एकदा पुसते. ताई, डावा हात..." आणि मी एकदम जिन्याकडं निघालो. मागून जोगळेकर बाई म्हणाल्या, "कुठं चाललास?" मी थांबलो नाही.

नारायण पेठेत बांगड्यांचं एक दुकान आहे. काऊंटरमागं एक काका पेपर वाचत होते.

"मरून नेलपॉलिश द्या."

"मरूनमध्ये सात आहेत." त्यांनी पेपरातून मान वर काढली नाही. "कुठलं?"

"वाळलेल्या कोकमासारखं."

मग त्यांनी मला बघितलं. सात बाटल्या काढून ओळीनं ठेवल्या. "कुणाला पाहिजे?"

"बहिणीला."

"मग तिला घेऊन या. पुरुषांनी नेलेली शेड कधी पसंत पडत नाही. आणि आम्ही बदलून देत नाही."

"ती नाही येणार."

"मग रंग कसा कळणार? नखावर लावल्याशिवाय कळत नाही. आता हे घ्या." त्यांनी एका बाटलीचं झाकण काढून माझा अंगठा ओढला आणि नखावर एक रेघ ओढली. "हे?"

"नाही. थोडं काळं."

"हे?"

पाचव्या रेघेला मी म्हणालो, "हेच."

"एक बाटली दोन महिने जाते," ते कागदात गुंडाळताना म्हणाले. "झाकण घट्ट लावायला सांगा, नाहीतर वाळतं."

"एकाच नखाला लावायचंय."

"एका नखाला अख्खी बाटली?"

"हो."

त्यांनी पुडी माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. मग सोडली.

परत आलो तेव्हा पडदा उघडला होता. ताईवर गळ्यापर्यंत पांढरी चादर होती. भांग बरोबर मधोमध. मी म्हणालो, "मावशी, डावा हात द्या." मावशींनी काही न विचारता चादरीखालून हात काढला आणि बोटांखाली घडी केलेला टॉवेल ठेवला. मी स्टूल ओढलं.

"ताई, मधलं बोट धरतोय."

ब्रश बारीक असतो. पहिल्यांदा नखाबाहेर लागलं. पूजा सिस्टरनं ताईच्या लॉकरमधून तिची ती रंग काढायची बाटली आणली, कापसानं कडेचं पुसलं, आणि मी परत लावलं. या वेळी नीट लागलं.

टेबलावरचा फोन वाजला. जोगळेकर बाईंनी उचलला. खालून काय विचारलं ते सगळ्यांना माहीत होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून वाळायचंय."

आणि रिसीव्हर बाजूला काढून ठेवला.

मी हात तोंडाजवळ घेतला.

"ताई, फुंकर मारतोय," म्हणालो, आणि मारली.